रोम : दोघं जण, तीन रात्री. आराखडा तपासून द्याल का?

गवतीचहा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा-बायको दोघांसाठी रोम ठरलं आहे. शुक्रवारी दुपारी २ वाजता फ्युमिचिनो विमानतळावर उतरणं, सोमवारी रात्री ९.३० चं परतीचं विमान. व्हिसा झाला, तिकिटं झाली. राहायचं अजून ठरलेलं नाही.

कच्चा आराखडा असा:
शुक्रवार : सामान टाकून संध्याकाळी ५ ला कलोसियम.
शनिवार : फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), ट्रेवी कारंजं, स्पॅनिश जिना, पॅन्थिऑन.
रविवार : व्हॅटिकनची संग्रहालयं आणि सेंट पीटर्स.
सोमवार : बोर्गेझे गॅलरी, मग खरेदी आणि विमानतळ.

एक जण पूर्ण शाकाहारी, एक अंडं खाणारा. एकाचे गुडघे कुरकुरतात. रोज चार-पाच तास चालणं जमेल, जिने कमी असले तर बरं. कुठे चुकतंय ते बिनधास्त सांगा.

तिकीटखिडकी

चारपैकी तीन दिवस दारावरून परत याल.

रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, तेही दुपारी साडेबारापर्यंतच आत सोडतात आणि रांग भिंतीला वळसा घालून जाते. तुमचा रविवार दुसरा, म्हणजे तोही प्रश्न नाही. सोमवारी बोर्गेझे बंद. शुक्रवारी ५ ला कलोसियम म्हणाल, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे गेली की कलोसियम साडेचारला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला असतो.

तुमच्या त्या आठवड्यात रोममध्ये सूर्य पाच वाजायच्या आधीच बुडतो. म्हणून आराखडा उजेडावर बेता. उघड्यावरचं, अवशेषांचं सगळं सकाळी. छताखालचं, दिव्यातलं चारनंतरही चालतं. एवढा एकच नियम पाळला तर बाकीचं आपोआप जागेवर बसतं:

शुक्रवार संध्याकाळ : पॅन्थिऑन (शेवटचा प्रवेश ६.३०), तिथून चालत ट्रेवी.
शनिवार : सकाळी ८ ला व्हॅटिकन, दुपारी सेंट पीटर्स, संध्याकाळी नदी ओलांडून जुन्या शहरातली चर्चेस.
रविवार : सकाळी ९ ला कलोसियम, लगेच फोरम आणि पॅलेटाइन टेकडी, चार वाजता बोर्गेझे.
सोमवार : कॅपिटोलाइन टेकडी, ज्यू वस्ती, त्रास्तेव्हेरे, विमानतळ.

तिकिटं या क्रमाने काढा: आधी बोर्गेझे, मग कलोसियम, मग व्हॅटिकन. बोर्गेझेला आरक्षणाशिवाय आत सोडतच नाहीत. दर तुकडीला दोन तास मिळतात, ते संपले की दालनं रिकामी करतात. आत माणसं मोजून घेतात, त्यामुळे जागा सगळ्यात आधी तिथल्याच संपतात. कलोसियमची तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरो, त्यात फोरम आणि पॅलेटाइन धरलेले असतात. रिंगणात उतरायचं असेल किंवा तळघर बघायचं असेल तर २४ युरोंचं निराळं तिकीट आहे आणि ते पहिल्या काही तासांतच उडतं. व्हॅटिकनचं २० युरो, वर ऑनलाइन आरक्षणाचे ५. ते पाच वाचवायला जाऊ नका, बिनआरक्षणाची रांग दोन-अडीच तासांची होऊ शकते.

सरमिसळ

+१. त्यात भर: कलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. दोघांची तिकिटं एकाच नावावर काढली की दुसरा बाहेर. पासपोर्टवर जसं स्पेलिंग आहे तसंच टाका, पासपोर्ट जवळ ठेवा.

शोधयंत्रात ‘कलोसियम तिकीट’ टाकलं की पहिले पाच-सहा दुवे दलालांचे येतात. खरं तिकीटस्थळ ‘कोलोसेओ डॉट आयटी’ने संपतं, व्हॅटिकनचं ‘म्युझेइव्हातिकानी डॉट व्हीए’ने. शेवटी व्हीए नसेल तर ते व्हॅटिकनचं नाही. दलाल तुम्हाला खोटं तिकीट देतीलच असं नाही, पण १८ च्या तिकिटाला ४५ घेऊन ‘रांगेशिवाय प्रवेश’ म्हणतात. सुरक्षा तपासणीची रांग मात्र सगळ्यांना सारखीच.

दगडफूल

राहायचं बघू. तीन रात्रींसाठी चार पर्याय:

मोन्ती. कलोसियम आणि तेर्मिनी स्थानक यांच्या मधली वस्ती. कलोसियम चालत दहा-पंधरा मिनिटं, मेट्रोच्या ‘बी’ मार्गाचं काव्हूर स्थानक हाताशी. खायच्या जागा भरपूर. पण गल्ल्या चढणीच्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून हॉटेलचा नेमका पत्ता नकाशावर उंचीसकट बघा.

प्राती. व्हॅटिकनच्या शेजारी, मेट्रोच्या ‘ए’ मार्गाची ओत्ताव्हियानो आणि लेपांतो स्थानकं. रुंद सपाट रस्ते, शांत, मध्यमवर्गीय. संध्याकाळी जुन्या शहरातून परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढीच उणी बाजू.

त्रास्तेव्हेरे. फोटोत सगळ्यात सुंदर. मेट्रो नाही, रात्री एकपर्यंत गलका, आणि चाकांची बॅग त्या दगडी फरसबंदीवरून ओढणं म्हणजे शिक्षा.

तेर्मिनीचा पूर्वेकडचा भाग. स्वस्त, विमानतळाची गाडी दारात. रूक्ष आहे, पण शुक्रवारी येऊन सोमवारी जाणाऱ्याला सोयीचा.

गुडघे लक्षात घेता माझं मत प्राती. जुन्या इमारतींतल्या छोट्या हॉटेलांना लिफ्ट नसते, किंवा असते ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते. आरक्षण करताना ‘रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या’ असं सरळ लिहून विचारा.

आणि शहराचा राहण्याचा कर वेगळा द्यावा लागतो, बहुतेकदा हॉटेलातच, आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो. तीन तारांकितला माणशी दर रात्री ६ युरो, चार तारांकितला साडेसात. तुम्हा दोघांना तीन रात्रींचे तीन तारांकितमध्ये ३६ युरो.

निळासावळा

विमानतळावरून शहरात यायचा हिशेब दोघांसाठी असा पडतो:

लिओनार्दो एक्स्प्रेस : माणशी १४, दोघांचे २८ युरो. ३२ मिनिटांत तेर्मिनी, मध्ये कुठेही थांबत नाही.
एफएल-१ लोकल : माणशी ८, दोघांचे १६. ही तेर्मिनीला जातच नाही! त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना असं जाते. त्रास्तेव्हेरेत राहणार असाल तर उत्तम, नाहीतर उतरून पुन्हा बदलाबदली.
टॅक्सी : ऑरेलियन तटबंदीच्या (जुन्या रोमभोवतीच्या भिंतीच्या) आतल्या कुठल्याही पत्त्याला पालिकेने ठरवलेला दर, ५५ युरो, सामानासकट, गाडीमागे. माणशी नव्हे.

एकटा माणूस डोळे झाकून आगगाडीने जातो. दोन माणसं, दोन बॅगा आणि एक दुखरा गुडघा असेल तर २८ अधिक पुढची मेट्रो आणि ५५ यांत फार अंतर उरत नाही. प्रातीचा काही भाग तटबंदीच्या बाहेर येतो, तेव्हा बसायच्या आधी पत्ता दाखवून ‘तारिफ्फा फिस्सा?’ (ठरलेलाच दर ना?) एवढं विचारा. टॅक्सी पांढरीच हवी, छतावर पाटी, दारावर पालिकेचं चिन्ह. आगमन कक्षातच ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्याकडे बघूही नका.

आगगाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून वेळेचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, ‘माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही.

आणखी एक, तुम्ही शुक्रवारी येताय. इटलीत संप जाहीर करून होतात आणि त्यांना शुक्रवार फार आवडतो. आठवडाभर आधी ‘शोपेरो’ हा शब्द आणि तारीख टाकून बातम्या बघा. संपाच्या दिवशी शहरातल्या बस-मेट्रो सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ चालवणं बंधनकारक असतं. विमानतळाच्या गाडीऐवजी बस सोडतात. तुमचे २ चे ५ होतात इतकंच, पण पॅन्थिऑन हुकू शकतं.

गवतीचहा

बापरे, बरं झालं विचारलं. प्राती नक्की करतोय. शहरात फिरायला पास काढावा का?

निळासावळा

तीन दिवसांत सहा-सात फेऱ्यांपेक्षा जास्त होणार नाहीत, पास वसूल होत नाही. साधं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं चालतं. त्यात बस-ट्राम कितीही बदला, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. तिकीट न काढता बँकेचं कार्डच मेट्रोच्या दारावर किंवा बसमधल्या यंत्रावर टेकवता येतं. दोघांनी दोन वेगळी कार्डं वापरा. आणि सकाळी कार्ड, दुपारी त्याच कार्डाचा फोन असं करू नका, यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डं समजतं आणि १०० मिनिटांचा हिशेब तुटतो.

तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, ४० तिची बहीण. मेट्रो एवर दार बंद होता होता गर्दी करून चढणारी टोळकी असतात. पाठीवरची पिशवी पोटावर, फोन आतल्या खिशात.

तिकीटखिडकी

शनिवारच्या व्हॅटिकनबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे बारीकसारीक चुका फार होतात.

संग्रहालयाचं दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही. व्हियाले व्हातिकानोवर, तटबंदीच्या उत्तर बाजूला आहे. चौकातून भिंतीकडेने चालत पंधरा-वीस मिनिटं. ८ च्या तिकिटासाठी पावणेआठला चौकात उभे राहणारे रोज दिसतात. ओत्ताव्हियानो मेट्रोवरून थेट दाराशी या. वाटेत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक ‘तिकडून बंद आहे, इकडून या’ म्हणतील. काही बंद नसतं.

आत गेल्यावर सगळी गर्दी सिस्टीन चॅपेलच्या दिशेने वाहते. तिकीट दाखवून वर आलात की उजव्या बाजूला पिनाकोतेका, म्हणजे चित्रांची स्वतंत्र इमारत आहे. बहुतेक लोक ती ओलांडून जातात. राफाएलचं शेवटचं मोठं चित्र ‘रूपांतर’, काराव्हाज्जोचं ख्रिस्ताला थडग्यात ठेवतानाचं चित्र आणि लिओनार्दोचा अर्धवट राहिलेला संत जेरोम, तिन्ही तिथे निवांत बघता येतात. मग अष्टकोनी चौकातला लाओकोऊन (१५०६ मध्ये द्राक्षमळ्यात सापडलेलं प्राचीन शिल्प), नकाशांचं दालन, राफाएलची दालनं आणि शेवटी चॅपेल.

चॅपेलमध्ये फोटो नाही, बोलणं नाही. कडेने भिंतीला लागून बाकं आहेत. तिथे जागा होईपर्यंत थांबा आणि बसून वर बघा, उभ्याने पाच मिनिटांत मान अवघडते. छत १५०८ ते १५१२ मधलं. वेदीमागचा ‘अंतिम निवाडा’ त्यानंतर चोवीस वर्षांनी सुरू झाला, १५३६ ते १५४१. दोन्ही मायकेलअँजेलोचीच, पण छतावरची माणसं आणि भिंतीवरची माणसं शेजारी ठेवून बघा, जग बदललेलं दिसतं.

सरमिसळ

चॅपेलच्या मागच्या उजव्या दारातून थेट सेंट पीटर्समध्ये उतरता येतं, ते सांगायचं राहिलं. तिकडून बाहेरची सुरक्षा रांग वाचते.

तिकीटखिडकी

ते दार मार्गदर्शकासोबतच्या गटांसाठी आहे. पहारेकरी कधी सोडतो, कधी नाही. त्या भरवशावर आराखडा नको. आणि मुख्य म्हणजे मोठी पिशवी किंवा लांब छत्री संग्रहालयाच्या सामानघरात ठेवली असेल आणि तुम्ही त्या दाराने खाली उतरलात, तर पिशवीसाठी भिंतीला वळसा घालून पुन्हा वर यावं लागतं. ध्वनिमार्गदर्शक यंत्राचंही तसंच. म्हणून लहान पिशवी, घडीची छत्री, आणि नेहमीच्या वाटेने बाहेर. चौकापर्यंत चालत या, वाटेत काहीतरी खा, मग रांगेत उभे राहा.

सेंट पीटर्सला प्रवेश फुकट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही. पिशवीत एक ओढणी असली की काम भागतं. बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे बॅसिलिका बंद असते, तुम्हाला तो त्रास नाही.

घुमटावर जायला एकूण ५५१ पायऱ्या. लिफ्टचं तिकीट काढलंत तरी ३२० उरतात, हे लिफ्टचं तिकीट काढणाऱ्या कित्येकांना वर गेल्यावर कळतं. लिफ्ट छतापर्यंतच नेते. त्यापुढचा जिना दोन घुमटांच्या मधून जातो, भिंत तिरपी होत अंगावर येते, शेवटी गोल जिन्याला कठड्याऐवजी दोरखंड. वाटेत परत फिरायची सोय नाही. गुडघे कुरकुरत असतील तर एकाने वर जावं, दुसऱ्याने खाली मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ शिल्पापाशी बसावं.

वसईचा_वारा

शनिवारी संध्याकाळी नक्की काय, ते मी भरतो. सेंट पीटर्सवरून सान्त’आंजेलो पुलाने नदी ओलांडा, पियाझ्झा नाव्होनाकडे या. तिथून दोन मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च. डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूची तीन चित्रं, तिकीट नाही. कोनाडा अंधारात असतो. शेजारी नाणं टाकायची पेटी असते, नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खटकन विझतो. रोममधल्या बऱ्याच चर्चमध्ये ही पद्धत आहे. म्हणून ५० सेंट आणि १ युरोची नाणी वेगळ्या खिशात साठवत चला. जवळच सान्त’आगोस्तिनोमध्ये त्याचंच यात्रेकरूंच्या मॅडोनाचं चित्र आहे, गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्याचे मळके तळपाय अगदी आपल्या डोळ्यांसमोर येतात. दोन्ही चर्चेस दुपारी बंद असतात, रोममधली बहुतेक लहान चर्चेस साडेबारा ते साडेतीन-चार बंदच.

साडेपाचच्या आत इल जेझूला पोहोचा. येशूसंघाचं (जेझुइटांचं) हे मुख्य चर्च, १५८४ मध्ये पवित्र केलेलं. डावीकडे संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची वेदी. वर मोठं तैलचित्र दिसतं. रोज संध्याकाळी साडेपाचला संगीत आणि निवेदन सुरू होतं, एकेका शिल्पावर प्रकाश पडत जातो आणि शेवटी ते अख्खं चित्र यंत्राने खाली सरकून मागचा चंदेरी पुतळा उघडा पडतो. आंद्रेआ पोझ्झोने सतराव्या शतकाच्या अखेरीला केलेली ही योजना. फुकट आहे, पाच-दहा मिनिटं आधी समोरच्या बाकांवर बसा.

आता वळून समोरची, म्हणजे उजव्या बाजूची वेदी बघा. ती संत फ्रान्सिस झेवियरची. मधल्या सोनेरी पात्रात त्यांचा उजवा हात आहे, कोपरापासून पुढचा. जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या बॅसिलिकेत जे शरीर आहे, त्याचाच हा हात; १६१४ मध्ये वेगळा करून रोमला आणला. गोव्याची बॅसिलिका पाहिलेल्या माणसाने इथे दोन मिनिटं थांबावंच. वेदीच्या कठड्यापाशी उभं राहिलं तर काचेआड तो हात दिसतो.

दगडफूल

सुंदर माहिती. जवळच सान्त’इग्नात्सिओ चर्च आहे, त्याच पोझ्झोने रंगवलेलं. तिथला घुमट खोटा आहे, सपाट पडद्यावर रंगवलेला. जमिनीवर पिवळ्या संगमरवराची चकती बसवली आहे, तिच्यावर उभं राहून वर बघायचं. दोन पावलं पुढे सरकलात की घुमट कलंडतो. मधोमध एक आरसा ठेवलाय, त्यात सेल्फी काढायला अर्ध्या तासाची रांग लागते. आरशाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, चकतीला रांग नसते.

गवतीचहा

हे कुठल्याच सहलीच्या पत्रकात नव्हतं. आता पोटाचं बोलू या का?

कढीलिंब

रोमन जेवणात शाकाहाऱ्याला भरपूर आहे, पण नावावरून कळत नाही अशा ठिकाणी मांस-मासे लपलेले असतात. यादी पाठच करा.

कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रिचा : या तिन्ही पास्त्यांत ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस.
फ्योरी दी झुक्का : भोपळ्याची फुलं भरून तळलेली, दिसतात आपल्या भज्यांसारखी. आत मोझारेलाबरोबर आंचोव्ही मासा असतो.
सुप्ली : भाताचे तळलेले गोळे. सारणात बहुतेकदा खिम्याचा सॉस.
पुंतारेल्ले : नोव्हेंबरात नुकती येऊ लागलेली कडसर पालेभाजी. निव्वळ सॅलड वाटतं, पण चटणी आंचोव्हीची.
पिझ्झा ‘नापोलेताना’ : रोममध्ये या नावाचा अर्थ आंचोव्ही घातलेला.
मिनेस्त्रोने : भाज्यांचं सूप, पण पाणी मांसाचं असू शकतं. विचारा.

बिनधास्त चालेल असं: काचो ए पेपे (चीज आणि मिरी), पास्ता अल पोमोदोरो, पिझ्झा मार्गेरिता, मारिनारा (चीजच नाही, टोमॅटो-लसूण), पिझ्झा बियांका, बटाटा घातलेला पिझ्झा, परतलेली चिकोरिया. वाळवलेल्या पास्तात अंडं नसतं, ताज्या पास्तात बहुतेकदा असतं. काचो ए पेपे बरेचदा तोन्नारेल्लीवर देतात, ती अंड्याची. ‘स्पागेत्ती’वर मागा.

एक गोष्ट कडक शाकाहाऱ्यांना आधी कळलेली बरी: काचो ए पेपेतलं पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, पार्मिजानोही वासराच्या. ज्यांना ते चालत नाही त्यांना काचो ए पेपे बाद, मारिनारा आणि पोमोदोरो ‘सेंत्सा फोर्माज्जो’ (चीज नको) उरतात.

तीन वाक्यं: ‘सेंत्सा कार्ने’ (मांस नको), ‘सेंत्सा पेशे’ (मासे नको), ‘सेंत्सा अलीची’ (आंचोव्ही नको). ‘मी शाकाहारी आहे’ एवढंच सांगितलं तर मासा चालत असेल असं गृहीत धरणारे आचारी अजून आहेत.

सरमिसळ

ज्यू पद्धतीचा तळलेला आर्टिचोक राहिला की!

कढीलिंब

मुद्दाम वगळला. रोमचा खरा जाडजूड, बिनकाट्याचा आर्टिचोक फेब्रुवारी ते एप्रिलचा. नोव्हेंबरात ज्यू वस्तीतल्या हॉटेलांत मिळतो, पण तो दुसरीकडून आणलेला असतो. खाऊ नका असं नाही, त्यासाठी रांग लावू नका. त्यापेक्षा रस्त्यावर भाजलेले चेस्टनट घ्या, त्यांचा हंगाम आहे.

पैसे कुठे जातात तेही सांगते. कॉफीच्या बारमध्ये उभ्याने प्यायची किंमत आणि बसून प्यायची किंमत वेगळी, चौकातल्या टेबलावर दुप्पट-तिप्पट. गजबजलेल्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग पावती घेऊन काउंटरवर. पिझ्झा अल तालियो वजनावर. सुरी पिझ्झ्यावर ठेवून विकणारा तुमच्याकडे बघतो, तेव्हा बोटाने ‘अजून लहान’ सांगा. दर बरेचदा ‘एत्तो’चा लिहिलेला असतो, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. बिलावर ‘पाने’ दिसलं तर तो टेबलावर न मागता ठेवलेल्या पावाचा आकार, नको असेल तर बसल्याबसल्या परत करा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. सहा वाजता स्वयंपाकघर चालू असलेलं आणि दारात फोटोंचं मेनूकार्ड लावलेलं हॉटेल दिसलं तर पुढे चला.

अगदीच भातावर मन गेलं तर तेर्मिनीजवळ पियाझ्झा व्हित्तोरिओच्या आसपास भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत. तिथल्या एस्क्विलिनो मंडईत कोथिंबीर, हिरवी मिरचीही मिळते.

कुंभारवाडा

रविवारसाठी माझे दोन शब्द. कलोसियमहून फोरममध्ये जाताना लक्षात ठेवा, फोरम आणि पॅलेटाइन मिळून प्रवेश एकदाच. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत नाही. जेवायला म्हणून बाहेर पडणारे हमखास फसतात. आत खायला काही मिळत नाही, डबा सोबत ठेवा. पाण्याच्या तोट्या आहेत. काचेची बाटली नको, तपासणीत काढून घेतात. चाकांची बॅगही चालत नाही.

कलोसियमच्या आतल्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, पहारेकऱ्याला सरळ विचारा. फोरममधली प्राचीन सडक मोठमोठ्या काळ्या दगडांची, मध्ये बोटभर फटी. पाऊस पडला की घसरते. जाड रबरी तळाचे बूट घाला, शोभेच्या चपला नकोत.

गुडघ्यांसाठी क्रम असा: तीतसच्या कमानीजवळून आत, आधी पॅलेटाइनवर चढा (पाय ताजे असतात), वरून फोरम डोळ्यांखाली घ्या, मग उतरत फोरममध्ये आणि व्हिया देई फोरी इम्पेरियालीकडच्या दाराने बाहेर. उलट केलंत तर चढ शेवटी येतो. रविवारी तो बाहेरचा हमरस्ता गाड्यांना बंद असतो, चालायला मजा येते.

मॅक्सेन्टियसच्या बॅसिलिकेच्या तीन प्रचंड कमानी फोरममध्ये चुकवूच शकत नाही. त्यांच्या पायाखाली सम्राट डोमिशियनने बांधलेली मिऱ्यांची कोठारं होती. मिरी आपल्या किनाऱ्यावरची. रोमन लेखक प्लिनी तक्रार करून गेलाय की हिंदुस्थान दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्शियस नाणी ओढून घेतो. पैसा एकतर्फी गेला तरी मालही इकडे आलाच: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला कांस्य पोसायडन टाऊन हॉलच्या संग्रहालयात उभा आहे, तेरला आणि नेवाशाला रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. असो, अवांतर झालं.

बोर्गेझेला ४ ची तुकडी असेल तर पाऊण तास आधी निघा. तेर्मिनीहून ९१० क्रमांकाची बस बागेच्या कडेला सोडते. बार्बेरिनी मेट्रोवरून चालत जाता येतं पण सगळा चढ. पिशव्या आत नेऊ देत नाहीत, त्या ठेवायलाही रांग असते. दोन तासांत सगळं बघायचा हट्ट नको. शिल्पकार बेर्निनीची ‘प्रॉसर्पिना’ बघताना समोरून फोटो काढून निघू नका. बाजूने फिरून बघा. तिला पळवून नेणाऱ्या प्लूटोची बोटं तिच्या मांडीत रुतलेली दिसतात, बोटांभोवतीचं मांस दबलेलं, आणि हे सगळं संगमरवर. बेर्निनी तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

गवतीचहा

पावसाचं काय? नोव्हेंबर ओला असतो म्हणतात.

दगडफूल

वर्षातल्या सगळ्यात पावसाळी महिन्यांपैकी. पण आपल्यासारखी झड नसते, सर येते आणि जाते. सर आली तर पॅन्थिऑन गाठा! घुमटाच्या माथ्याचं भोक उघडं आहे, पाऊस सरळ आत पडतो. जमीन मध्ये किंचित फुगीर आहे आणि मधोमध बारीक छिद्रं आहेत, पाणी तिथून खालच्या जुन्या गटारात जातं. दोरी लावून ती जागा मोकळी ठेवतात. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत अख्खा चेंडू बसेल. तिकीट ५ युरो. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना बाहेर ठेवतात, तुमचा शुक्रवार योग्य आहे.

ट्रेवीला रात्री दहानंतर किंवा सकाळी सातच्या आत जा. काठापर्यंत उतरायला माणसं मोजून सोडतात, एका वेळी ४००. कारंज्याला येणारं पाणी इ.स.पू. १९ मध्ये अग्रिप्पाने आणलेल्या कालव्याचं. तोच अग्रिप्पा, ज्याचं नाव पॅन्थिऑनच्या कपाळावर कोरलंय. स्पॅनिश जिन्यावर बसू नका, २०१९ पासून बसण्यावर दंड आहे.

छत्री आणखी एका कारणासाठी लागेल. नोव्हेंबरात लाखो भोरड्या (स्टार्लिंग, मैनेच्या जातीचे पक्षी) रोममध्ये मुक्कामाला येतात. सूर्यास्ताच्या सुमारास तेर्मिनीवर त्यांचे थवे धुरासारखे वळतात, बघत राहावं असं दृश्य. मग त्या झाडांवर उतरतात. नदीकाठच्या आणि स्थानकासमोरच्या झाडांखालचा पदपथ पांढरा दिसला की रस्ता ओलांडा किंवा छत्री उघडा, कोरड्या आकाशातही.

निळासावळा

सोमवारसाठी: हॉटेल सोडताना सामान तिथेच ठेवायला सांगा, बहुतेक जण ठेवतात. सकाळी कॅपिटोलाइन टेकडी. वरच्या चौकातल्या मधल्या राजवाड्याच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलं की गच्चीसारख्या जागेवरून अख्खा फोरम दिसतो, फुकट. तिथली संग्रहालयं सोमवारीही उघडी असतात. खाली उतरून ज्यू वस्ती, पुलावरून बेटावर, पलीकडे त्रास्तेव्हेरे. सान्ता मारिया इन त्रास्तेव्हेरेमधले बाराव्या शतकातले सोनेरी मोझाइक बघा, इथेही नाणं-दिवा. त्रास्तेव्हेरेहून ८ क्रमांकाची ट्राम नदीपलीकडे आणते.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ वाहत असतात, त्यांना ‘नासोने’ म्हणजे मोठं नाक म्हणतात. बाटली खालून भरा. नुसतं प्यायचं असेल तर नळाचं तोंड बोटाने दाबा, वरच्या बाजूच्या भोकातून पाणी उडतं, वाकायला नको. ‘नॉन पोताबिले’ लिहिलं असेल तिथे फक्त हात धुवा.

९.३० च्या विमानासाठी साडेसहाला विमानतळावर हवेत, म्हणजे साडेपाचच्या सुमाराची गाडी. तेर्मिनीत लिओनार्दो एक्स्प्रेस २३-२४ क्रमांकाच्या फलाटांवरून सुटते. ते एका टोकाला आहेत, मेट्रोतून वर आल्यावर दहा मिनिटं धरा.

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्गेझे रविवारी ४ ची, कलोसियम ९ चं, व्हॅटिकन शनिवारी ८ चं असं ठरवलं. बोर्गेझे आत्ताच मिळालं. व्हॅटिकनच्या अर्जात आडनाव आधी की नाव आधी?

तिकीटखिडकी

‘कोन्योमे’ म्हणजे आडनाव, ‘नोमे’ म्हणजे नाव. कोन्योमे वाचून कित्येक जण नाव टाकतात. पासपोर्टमध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या जागी असेल तर ते ‘नोमे’च्या रकान्यात नावापुढे टाका, कलोसियमलाही तसंच. आणि कलोसियमचा तिसावा दिवस दिनदर्शिकेत आत्ताच लाल करून ठेवा.